जुना फोन बेड्याकडे बघू दे, आईकडे नको

पत्र: "मी ठाण्यात नोकरी करते. आई, वय ७३, गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरी एकटीच असते. बाबा जाऊन चार वर्षं झाली. ठाण्यात तिचं मन रमत नाही, आठ दिवसांत 'मला एसटीत बसवून दे' सुरू होतं. वाडीतली निम्मी घरं बंद असतात, गणपतीला नि शिमग्याला तेवढी उघडतात. पावसाळ्याआधी त्यातली दोन फोडली. तेव्हापासून मला धड झोप नाही. माझ्याकडे एक जुना अँड्रॉइड फोन पडून आहे. काचेला तडा गेलाय, पण कॅमेरा चांगला चालतो. त्याचा सुरक्षा कॅमेरा करता येतो असं ऐकलं. घरी वायफाय नाही, पण ओटीवरच्या खिडकीत जिओची रेंज चांगली येते. भाऊ म्हणतो, माजघरात लावून टाक, आई पडली-बिडली तरी कळेल. आणि तिला सांगूच नकोस, उगाच नाही म्हणेल. हे जमेल का? कसं करायचं? आणि आईला सांगायचं की नाही?" – एक मुलगी, ठाणे

प्रिय ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याच्या उत्तरावर बाकी सगळं ठरतं. आईला सांगायचं. फोन बसवायच्या आधी सांगायचं, तो कुठे बसणार हे तिच्यासोबत उभं राहून ठरवायचं, आणि आतलं चित्र तिला दाखवायचं. माजघरात तर तो लावायचाच नाही.

भावाची काळजी खरी आहे, त्याच्या मनात वाईट काही नाही, हे मला पत्रावरून कळतं. पण माजघरात तुमची आई न्हाऊन येते, केस विंचरते, दुपारी पदर सैल सोडून लवंडते, शेजारणीशी दोन गोष्टी बोलते. त्यातलं काहीही चोरासाठी नाही. ते सगळं ठाण्यातल्या एका पडद्यावर जाणार आणि तिला त्याचा पत्ता नसणार. पुढे कधीतरी तुमच्याच तोंडून सहज निघून जाईल, "काल दुपारी तू जेवलीच नाहीस ना?" आणि त्या क्षणी तिला कळेल. ज्या घरात ती सून म्हणून आली आणि आता एकटीने राहते आहे, तिथे तिला मोकळं वाटेनासं होईल. चोरांपासून राखायचं म्हणता ते घर आधी तिचं आहे.

कायदाही याच बाजूला आहे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. एका राहत्या घरातल्या सीसीटीव्हीचा वाद कोलकाता उच्च न्यायालयात गेला होता. घराच्या राहत्या भागात, तिथे राहणाऱ्या दुसऱ्याच्या संमतीशिवाय कॅमेरे चालवणं म्हणजे त्याच्या खाजगीपणावर घाला, असा निकाल २०२५ मध्ये लागला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. तुमच्या घरात कुणी कोर्टात जाणार नाही, ते मलाही ठाऊक आहे. पण घरातल्या घरात "तिच्या भल्यासाठी" असं म्हणून कॅमेरा लावण्याला आधार नाही, एवढं भावाला सांगता येईल.

त्याला आणखी एक गोष्ट जरूर सांगा. घरासाठी कॅमेऱ्याची पहिली जुळणी ज्यांनी केली, त्यात एक नर्स होती. न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारी मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन. तिच्या आणि नवऱ्याच्या कामाच्या वेळा विचित्र, त्यामुळे ती बऱ्याचदा अवेळी घरात एकटी असायची, आणि त्या वस्तीत हाक मारल्यावर पोलीस लवकर येत नसत. तिने आणि तिचा नवरा अल्बर्ट याने १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, ते १९६९ च्या डिसेंबरात मिळालं. दारात वेगवेगळ्या उंचीवर भोकं, त्यांच्यामागे वर-खाली सरकणारा कॅमेरा, आणि चित्र आतल्या खोलीतल्या पडद्यावर. बाहेरच्याशी बोलायची सोय होती, दूरवरून दार उघडायचं आणि धोक्याची सूचना द्यायचं बटणही होतं. आता यात कोण कोणाकडे बघत होतं ते पाहा. घरात एकटी असलेली बाई आतून बाहेर बघत होती. तुमच्या आईसाठीही व्यवस्था अशीच हवी. कॅमेऱ्याचं तोंड बेड्याकडे, म्हणजे अंगणाच्या फाटकाकडे, आणि तो काय बघतो ते तिला माहीत.

"पडली तर?" हा भावाचा प्रश्न मात्र उडवून लावण्यासारखा नाही. पण माजघरातला कॅमेरा त्याचं उत्तर देत नाही. आई न्हाणीघरात, परसदारी किंवा विहिरीच्या वाटेवरही पडू शकते, आणि ते त्याला दिसणार नाही. शिवाय पडल्यावर माणूस हलत नाही आणि हे कॅमेरे हालचाल झाली तरच कळवतात. दिवसभर कुणी पडद्याला डोळे लावून बसणार असेल तरच उपयोग, आणि तुम्ही दोघं नोकरी करता. त्यापेक्षा सकाळी ठरलेल्या वेळी फोन, तो उचलला नाही तर पंधरा मिनिटांत शेजारच्या घरी फोन, आणि शेजाऱ्यांकडे घराची एक किल्ली, हे जास्त कामाचं आहे. आईच्या फोनमध्ये तुमचा आणि शेजाऱ्यांचा नंबर एका बटणावर लावून द्या आणि तो फोन तिच्या कमरेला किंवा गळ्यात राहील असा एखादा बटवा शिवून द्या. न्हाणीघरात धरायला एक भक्कम दांडी बसवून घ्या.

आता फोनकडे येऊ. हो, जमतं. काचेला तडा असला तरी अडत नाही, मागचा कॅमेरा स्वच्छ दिसतोय ना, एवढं पुरे. पण त्याआधी बॅटरी तपासा, आणि ही पायरी अजिबात गाळू नका.

फोन सपाट टेबलावर पाठीवर ठेवा आणि चारी कोपऱ्यांवर हलकं बोट दाबा. मागच्या कॅमेऱ्याचा उंचवटा आड येत नसतानाही तो डुगडुगतो का? मागचं झाकण कुठे उचलल्यासारखं दिसतंय का? काच आणि कडा यांच्यात एका बाजूला नखाएवढी फट पडलीय का? यातलं काहीही असलं तर बॅटरी फुगलेली आहे असं समजा. तो फोन चार्जिंगला लावू नका, दाबून झाकण बसवायला जाऊ नका, टोचू तर अजिबात नका. अधिकृत दुकानातून बॅटरी बदलून घ्या, नाहीतर इ-कचरा घेणाऱ्या केंद्रात देऊन टाका. जे घर बहुतांशी लाकडाचं, वर कौलं नि वासे, आणि आत एकटी म्हातारी बाई, तिथे ही जोखीम घ्यायची नाही.

बॅटरी ठणठणीत असली तरी ती तशीच राहावी याची तजवीज करावी लागते. फोनमधली लिथियम बॅटरी दोन गोष्टींनी लवकर खराब होते: सतत शंभर टक्के भरलेली राहणं आणि उष्णता. कॅमेरा म्हणून चोवीस तास चार्जरला लावलेल्या फोनच्या नशिबी या दोन्ही येतात. काही फोनांत बॅटरी ८० किंवा ८५ टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती सेटिंगमध्ये बॅटरीखाली शोधा आणि असली तर चालू करा. नसली तर विजेच्या दुकानातून चकती फिरणारा साधा टायमर प्लग घ्या. त्याच्या चकतीभोवती बारीक पिना असतात, बहुतेक टायमरांत एक पिन म्हणजे पंधरा मिनिटं. तास चालू, तास बंद अशा पिना लावल्या की फोन अधूनमधून भरतो आणि मधे उतरतो. वीज गेली की चकतीही थांबते आणि वेळ मागे पडते, पण आपल्याला नेमकी वेळ नको आहे, नुसता फेर हवा आहे, त्यामुळे बिघडत नाही. चार्जर जुना, सावकाश भरणारा घ्या, पाच व्होल्ट एक अँपिअरचा. फास्ट चार्जरने फोन विनाकारण तापतो. बिलाची काळजी नको: सतत पाच वॉट धरले तरी महिन्याला चार युनिटच्या आत बसतं.

हे सगळं गावी जाण्याआधी ठाण्यातच एका रविवारी करून बघा. फोन पूर्ण भरा, कॅमेरा चालू करा, चार्जर काढा आणि किती तासांत तो तीस टक्क्यांवर येतो ते पाहा. कोकणात पावसाळ्यात वीज गेली की कधी येईल ते महावितरणलाही सांगता येत नाही. तेव्हा हा आकडा तुमच्या उपयोगी पडेल.

मग फोन रिकामा करा. फोटो काढून घ्या, सेटिंगमध्ये जाऊन तुमचं गुगल खातं आधी काढा, आणि त्यानंतरच फॅक्टरी रीसेट करा. क्रम उलटा झाला तर फोन पुन्हा सुरू होताना जुन्याच खात्याचा पासवर्ड मागत बसू शकतो. नंतर या कामापुरतं एक नवं गुगल खातं उघडा. पासवर्ड लांब ठेवा, कुठेही न वापरलेला, आणि दोन टप्प्यांची पडताळणी तुमच्या रोजच्या फोनवर लावा. जुन्या फोनला कंपनीकडून सुरक्षेच्या सुधारणा येणं कधीच थांबलेलं असतं. म्हणून त्यात बँकेचं, यूपीआयचं, व्हॉट्सअ‍ॅपचं काही म्हणजे काही ठेवायचं नाही. एकच अ‍ॅप, तेही प्ले स्टोअरवरूनच घेतलेलं.

अ‍ॅप कोणतं? तुमच्या गरजेला अल्फ्रेड कॅमेरा सोयीचं आहे. जुन्या आणि नव्या, दोन्ही फोनांवर तेच घ्यायचं, एकाच खात्याने आत जायचं, जुन्याला कॅमेरा म्हणायचं, नव्याला बघणारा. हालचाल झाली की नव्या फोनवर सूचना येते, छोटी चित्रफीत साठते, आणि बोलताही येतं. फुकटच्या आवृत्तीत जाहिराती असतात आणि चित्र जरा मळकं, पण बेड्यातून कोण आलं ते कळायला पुरतं. आयपी वेबकॅम नावाचं दुसरं अ‍ॅप पुष्कळजण सुचवतील. ते चांगलं आहे, पण मुळात एकाच वायफायवर, घरातल्या घरात बघायला. गावचं चित्र त्यातून ठाण्यात आणायचं तर राउटरची दारं बाहेरच्यांना उघडी करण्याचे उपाय व्हिडिओंतून शिकवले जातात, त्या वाटेला जाऊ नका. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने असेच उघड्यावर असलेले, कारखान्यातलाच पासवर्ड राहिलेले हजारो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि ऑक्टोबरात त्यांच्या जोरावर अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. कॅमेऱ्यांच्या मालकांना त्याचा पत्ताही नव्हता.

आणि हे लक्षात असू द्या की असल्या अ‍ॅपमधली साठवलेली चित्रं कुठल्यातरी कंपनीच्या यंत्रावर जाऊन पडतात. पासवर्ड फुटला तर ती तिसराच कुणी पाहील. अंगणाचं चित्र फुटलं तर फारसं बिघडत नाही. माजघराचं फुटलं तर काय होईल, ते भावाला विचारा.

अ‍ॅप घातल्यावर एक कटकट हमखास येते. फोन स्वतःहून बॅटरी वाचवायला पाठीमागे चालणारी अ‍ॅप्स बंद करतो, आणि दोन दिवसांत तुम्हाला "कॅमेरा ऑफलाइन" दिसायला लागतं. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन या अ‍ॅपसाठी बॅटरीचं बंधन काढा, आणि ऑटोस्टार्ट नावाची सोय असेल तर तीही चालू करा, बऱ्याच चिनी बनावटीच्या फोनांत ती वेगळी लपलेली असते. स्क्रीनचा उजेड अगदी कमी ठेवा.

याहून मोठी अडचण वेगळी आहे आणि ती कुणी आधी सांगत नाही. बॅटरी पूर्ण उतरून फोन बंद पडला, तर वीज आल्यावर तो आपोआप सुरू होत नाही. चार्ज होतो, पण बंदच राहतो. कुणीतरी बटण दाबून धरावं लागतं आणि अ‍ॅप उघडावं लागतं. तुमच्या घरी ते कुणीतरी म्हणजे आई. बघा, तिला न सांगता हे चालणारच नव्हतं! फोनच्या पहिल्या पडद्यावर त्या अ‍ॅपचं तेवढं एकच चित्र ठेवा, बाकी सगळी चिन्हं काढून टाका, आणि तिच्या हातून चार वेळा करून घ्या: बटण दाबून धर, फोन थरथरला की सोड, मग हे चित्र दाब. यासाठी या एका फोनला स्क्रीन लॉक ठेवू नका. म्हणूनच वर म्हटलं, त्यात दुसरं काही असता कामा नये. याच पायऱ्या तिला वाचता येतील अशा मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून खिडकीशेजारी चिकटवा.

आता नेट. वायफाय नाही, तेव्हा फोनमध्येच सिम घालायचं. ते तुमच्या नावावरचं, वेगळं घ्या, आईचं काढून घेऊ नका. हिशेब असा: चित्र सतत पाठवायला एक एमबीपीएस (सेकंदाला एक मेगाबिट, म्हणजे एमबीचा आठवा भाग) धरलं तर तासाला ४५० एमबी जातात, दिवसाला जवळजवळ ११ जीबी. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये ते साडेतीन तासही टिकत नाही, आणि मग वेग इतका उतरतो की काही दिसत नाही. हालचाल झाली तरच अर्ध्या मिनिटाची फीत, असं ठेवलं तर एका फितीला पावणेचार एमबी लागतात. दिवसात चाळीस आल्या तरी दीडशे एमबी. म्हणजे पॅक आरामात पुरतो, अट एवढीच की तुम्ही ऑफिसात बसून तासन्‌तास अंगण बघत बसायचं नाही. मन हुरहुरलं की बघावंसं वाटेल, ते मला समजतं, पण तेव्हा आईला फोन करा.

जागा कुठली? ओटीवरची खिडकी, जिथे रेंज आहे तीच. पडवीत उघड्यावर लावू नका. तुमच्याकडचा पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त येतो, आणि ती झड फोनला एका दिवसात संपवेल. प्लॅस्टिकच्या डब्यात घट्ट बंद करून बाहेर टांगायची युक्ती काहीजण सांगतात, त्यात फोन उकडून निघतो. फोनांना बाहेरची हवा साधारण ३५ अंशांपर्यंत मानवते. पत्र्याच्या पडवीखाली मे महिन्यातली दुपार त्याच्या कितीतरी पुढे जाते. खिडकीच्या आतल्या बाजूला, गजांना साधा मोबाइल स्टँड बांधून, मागचं कव्हर काढून, वारा लागेल असा ठेवा. डोक्याच्या थोडा वर आणि खाली झुकलेला. फार उंच गेला तर येणाऱ्याचं टक्कल नाहीतर टोपीच दिसते.

मग हे करा. आईला खिडकीशी तुमच्या हातातला फोन बघत उभं करा आणि तुम्ही बेड्यापासून चालत या. एकदा सकाळी, एकदा भर दुपारी, एकदा दिवेलागणीला. दुपारी बाहेर लख्ख ऊन आणि आत ओटीवर काळोख असला की काही कोनांत चेहरा काळा पडतो, फोन हातभर सरकवला तरी फरक पडतो. चेहरा ओळखू येईपर्यंत कोन बदलत राहा. चित्रात शेजाऱ्यांचं खळं, त्यांची विहीर, त्यांची कपड्यांची दोरी येत नाही ना, ते बघा. येत असेल तर फोन वळवा. वळवता येत नसेल तर खिडकीच्या काचेच्या तेवढ्या भागावर काळी चिकटपट्टी लावा. आणि शेजाऱ्यांना स्वतः जाऊन दाखवून या की हा कॅमेरा आहे आणि एवढंच बघतो. वाडीत असली गोष्ट लपत नाही. तुम्ही सांगितली तर ते मदतीला येतील, त्यांना दुसरीकडून कळली तर मनात अढी बसेल.

रात्र हा जुन्या फोनचा खरा कच्चा दुवा आहे. बाजारातल्या सुरक्षा कॅमेऱ्याला काळोखात बघायला अवरक्त किरणांचे बारीक दिवे असतात. फोनला ते नसतात, उलट ते किरण अडवणारी गाळणी त्याच्या भिंगावर बसवलेली असते. त्यामुळे अमावास्येच्या रात्री तुमचा फोन निव्वळ काळा पडदा दाखवील. शिवाय ओटीवर दिवा असला तर खिडकीच्या काचेत आतलंच प्रतिबिंब दिसेल, म्हणून रात्री ते तावदान उघडं ठेवा किंवा ओटीवरचा दिवा मालवा.

यावर उपाय स्वस्त आहे आणि माझ्या मते कॅमेऱ्याहूनही महत्त्वाचा आहे: हालचाल झाली की पेटणारा सेन्सरचा एलईडी दिवा. चारपाचशे रुपयांच्या आत मिळतो, साध्या होल्डरमध्ये बसतो. पडवीच्या तोंडाशी, पावसाच्या आड एक लावा आणि परसदारी दुसरा. बंद घरं फोडणाऱ्यांना आत कुणी नाही याची खात्री हवी असते. अंगणात पाऊल टाकताच दिवा पेटला तर बहुतेक पावलं तिथूनच मागे फिरतात. आईलाही रात्री उठल्यावर अंधारात चाचपडावं लागत नाही. तुमच्याजवळ एकाच गोष्टीपुरते पैसे आणि वेळ असेल, तर फोन राहू द्या, हे दोन दिवे लावा.

सूचनांचं पण सांगते. सुरुवातीला त्या इतक्या येतील की तुम्ही वैतागाल. माडाची झावळी हलली, दोरीवरचं लुगडं उडालं, वानरांची टोळी गडग्यावरून गेली, पावसाची सर आली, सगळ्याला तो "हालचाल" म्हणतो. म्हणून संवेदनशीलता कमी ठेवा. हालचाल कुठल्या भागात मोजायची ते ठरवता येत असेल तर बेड्यापासून पायरीपर्यंतचीच पट्टी निवडा. दिवसा सूचना बंद आणि रात्री दहा ते पहाटे पाच चालू, अशी सोय असेल तर तीही वापरा. आई दिवसभर अंगणात ये-जा करणार, तिची प्रत्येक फेरी तुम्हाला कळायची गरज नाही. वैतागून सगळ्याच सूचना बंद केल्या गेल्या तर एवढा खटाटोप फुकट, म्हणून पहिला आठवडा हे नीट बसवण्यात घालवा.

आणि समजा, रात्री दोनला खरीच सूचना आली. पडद्यावर अनोळखी माणूस. तुम्ही ठाण्यात, घर पाच-सहा तासांवर. तेव्हा काय करायचं ते आत्ताच, शांतपणी ठरवून कागदावर लिहा. पहिला फोन शेजारी, दुसरा ११२, तिसरा गावचे पोलीस पाटील. पोलीस पाटलांना पुढच्या फेरीत भेटून घराची आणि आईच्या एकटेपणाची कल्पना देऊन ठेवा, त्यांचा नंबर दोन्ही भावंडांच्या फोनमध्ये असू द्या. आईला एकच पक्कं सांगा: काही झालं तरी दार उघडून टॉर्च घेऊन बाहेर बघायला जायचं नाही. आतून कडी, दिवे सगळे लावायचे आणि शेजाऱ्यांना मोठ्याने हाका मारायच्या. हे तुम्ही तिला दहा वेळा सांगाल आणि तरी ती जाईल म्हणेल, कारण आयुष्यभर तिनेच ते घर राखलं आहे. अकराव्यांदा सांगा.

फीत हाती लागली तर ती लगेच उतरवून ठेवा, अशा अ‍ॅपमध्ये ती ठरावीक दिवसांनी पुसली जाते. पोलिसांना द्या. वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर "हा बघा चोर" म्हणून टाकू नका. तो काजूच्या बागेतून वाट चुकलेला गडी किंवा कुणाचा पाहुणा निघाला, तर त्याच्या माथी लागलेला शिक्का तुम्हाला पुसता येणार नाही, आणि तुम्ही ठाण्यात असताना ते वैर आईच्या दाराशी राहील.

अवकाळी पाऊस, परतीचा पाऊस, विजा कडाडायला लागल्या की आईने प्लग काढायचा. फोन बॅटरीवर चालेल, गेला तर गेला. दर फेरीला टेबलावरची ती डुगडुगीची परीक्षा पुन्हा करा.

एक-दोन महिने असं चालवून बघा. या काळात रेंज टिकते का, कोन बरोबर आहे का, आईला त्याचा त्रास होतो की आधार वाटतो, हे सगळं कळेल. सगळं जुळलं तर काळोखात दिसणारा, आत मेमरी कार्ड बसणारा, बाहेर लावायचा खरा कॅमेरा दोन-तीन हजारांत मिळतो, तो त्याच जागी लावा आणि जुन्या फोनला निवृत्त करा. तिथे फायबर आलं तर राउटरला वेगळी छोटी बॅटरी बसवून घ्या, नाहीतर वीज गेली की नेटही गेलं.

आईशी बोलताना "तुझ्यावर लक्ष ठेवायला" असं चुकूनही म्हणू नका. तुम्हाला झोप लागत नाही, हे खरं कारण आहे, तेच सांगा. "मला रात्री भीती वाटते गं, बेड्याकडे एक डोळा ठेवू या का?" तिला स्वतःलाही त्या फोनमध्ये अंगण बघता येईल, रात्री कुत्रं भुंकलं तर दार न उघडता बघता येईल, हे दाखवा. बरीचशी कुरकुर तिथेच मावळेल असं मला वाटतं.

आणि तरीही ती नको म्हणाली, तर नको. तेव्हा दोन सेन्सरचे दिवे, दारांना आतून भक्कम आडणे (आडव्या लाकडी दांड्या), बेड्याला नवं कुलूप, शेजाऱ्यांकडे किल्ली आणि सकाळचा फोन, एवढं करा. आडणे गणपतीच्या सुट्टीत वाडीतल्याच सुताराकडून बसवून घ्या, फणसाच्या किंवा सागाच्या लाकडाचे, आणि परसदाराला आधी.